गुलाबाआधीची चौदा फेब्रुवारी

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मावळातल्या पॉलिहाउसमध्ये डोकावलं तर गुलाब फारसा दिसत नाही. झाडं छाटलेली, फांद्या वाकवून ठेवलेल्या. पुढचे पंचेचाळीस-पन्नास दिवस शेतकऱ्याचं सगळं लक्ष हवेकडे. थंडी वाढली की कळी मागे पडते, ऊन तापलं की आधीच फुलून बसते, आणि दोन्हीकडून नुकसानच. कारण परदेशी जाणारा माल साधारण २५ जानेवारी ते १० फेब्रुवारी एवढ्याच दिवसांत निघतो. लाल ‘टॉप सीक्रेट’ जातीची घट्ट मिटलेली कळी, चाळीस ते साठ सेंटिमीटरचा दांडा, वीस-वीस फुलांचे बंच, शीतगृह आणि मग विमान. ज्या तारखेसाठी, म्हणजे ‘व्हॅलेंटाईन डे’साठी, हा आटापिटा, ती मावळातल्या कुठल्याच सणावाराशी जुळत नाही. तिची कुळकथा इंग्लंडातली आहे, आणि आपल्याला सांगितली जाते तशी ती नाही.

सांगितली जाते ती अशी : रोमचा सम्राट दुसरा क्लॉडियस याने सैनिकांच्या लग्नांवर बंदी घातली, व्हॅलेंटाईन नावाच्या पाद्र्याने ती चोरून लावली आणि त्यापायी त्याचं डोकं उडवलं गेलं. दर फेब्रुवारीत ही गोष्ट मोबाइलवर नव्याने फिरते. अडचण अशी की त्या नावाचे संत एकाहून अधिक. एक रोमचा पाद्री, एक इटलीतल्या तेर्नी गावचा बिशप. चोरून लावलेली लग्नं त्यांच्या कथेला बरीच नंतर चिकटली. खुद्द कॅथलिक चर्चने, या संताविषयी भरवशाचं फारसं काही हाती नाही म्हणून, १९६९ साली त्याचा दिवस आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढून टाकला.

दुसरी लोकप्रिय उपपत्ती लुपरकेलिया या रोमन उत्सवाची. १५ फेब्रुवारीला रोममध्ये उघडेवाघडे तरुण बकऱ्याच्या कातड्याच्या वाद्या घेऊन धावत आणि वाटेत येणाऱ्या बायकांना फटके मारत. त्याने मूल होतं अशी समजूत होती. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलेशियसने या प्रकाराला कडाडून विरोध केला, हे खरं. पण त्याच्या जागी त्याने प्रेमिकांचा दिवस नेमून दिला, याला आधार नाही. दोन तारखा शेजारीशेजारी आल्या, एवढंच.

प्रेमाचा धागा पहिल्यांदा स्पष्ट दिसतो तो चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेफ्री चॉसर या इंग्रज कवीच्या एका दीर्घकवितेत. संत व्हॅलेंटाईनच्या दिवशी झाडून सारे पक्षी निसर्गदेवतेपुढे जमतात आणि आपापला जोडीदार निवडतात. इंग्लंडात फेब्रुवारीच्या मध्यावर चांगलाच गारठा असतो, त्यामुळे पाखरांचं हे स्वयंवर चॉसरच्या मनात नेमकं कुठल्या तारखेला होतं यावर अभ्यासकांचा वाद आहे. लोकांनी मात्र वाद न घालता कल्पना उचलली.

ती घरात किती मुरली होती हे शंभरेक वर्षांनंतरच्या पत्रांत दिसतं. साल १४७७, गाव नॉरफक परगण्यातलं. मार्जरी ब्रूज आणि जॉन पॅस्टन यांचं जमलेलं, पण हुंड्यावर अडलेलं. मुलीची आई जॉनला कळवते, शुक्रवारी व्हॅलेंटाईनचा दिवस, प्रत्येक पाखरू आपला जोडीदार निवडतं. तेव्हा तुम्ही गुरुवारी रात्रीच या, सोमवारपर्यंत मुक्काम करा, म्हणजे आमच्या यजमानांशी बोलणं होईल. मग मुलगीही पत्र सांगते आणि कारकून उतरवून घेतो. जॉनला ती ‘माझे परमप्रिय व्हॅलेंटाईन’ म्हणते आणि लगेच मुद्द्यावर येते : आईने वडिलांची खूप मनधरणी केली, पण ठरल्याहून जास्त काही सुटत नाही, तुमचं माझ्यावर प्रेम असेल, तर एवढ्यावरून तुम्ही मला सोडणार नाही. इंग्रजीतलं सर्वांत जुनं व्हॅलेंटाईन पत्र म्हणून ओळखला जाणारा हा कागद आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. गुलाब नाही, चॉकलेट नाही, आहे ती देण्याघेण्याची बोलणी. आपल्याकडच्या एखाद्या बैठकीत हे पत्र सहज खपून गेलं असतं. लग्न झालं, त्याच वर्षी.

ही रीत सर्वसामान्यांच्या हातात दिली ती टपालाने. पूर्वी पत्राचा टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि बहुधा तो घेणाऱ्याने भरायचा. निनावी प्रेमपत्र पाठवावं आणि भुर्दंड तिला पडावा, असा मामला. १८४० साली ब्रिटनमध्ये पेनीचं तिकीट आलं, खर्च पाठवणाऱ्याकडे गेला आणि व्हॅलेंटाईन कार्डांचा पूर लोटला. त्यात टवाळ कार्डंही असत : नाकावरून, वयावरून, पेशावरून टोमणे मारणारी, सही नसलेली. आजच्या ट्रोलांचे हे पूर्वज. अमेरिकेत वूस्टर गावच्या एस्थर हाउलंडने याच दशकाच्या शेवटी वडिलांच्या स्टेशनरीच्या व्यवसायात लेस लावलेली कार्डं आणली. टेबलाभोवती बायका बसवल्या. एकीने कागद कापायचा, दुसरीने चित्र चिकटवायचं, तिसरीने लेस. हजारोंना प्रेमाचे शब्द पुरवणाऱ्या या बाईंनी स्वतः लग्न केलं नाही.

जपानात हा दिवस आला तो मिठाईवाल्यांच्या हातून. १९५८ साली टोकियोच्या एका मोठ्या दुकानात एका चॉकलेट कंपनीने व्हॅलेंटाईनची विक्री लावली. खप जेमतेम तीन वड्यांचा, असं सांगतात. पुढे जे रुजलं ते जगावेगळं : चॉकलेट द्यायचं ते बायकांनी, पुरुषांना. त्यात पुन्हा ‘होनमेई’ म्हणजे खऱ्या मनातलं आणि ‘गिरी’ म्हणजे ऑफिसातल्या साहेबांना, सहकाऱ्यांना कर्तव्य म्हणून दिलेलं, अशी वर्गवारी. परतफेडीसाठी १४ मार्चचा ‘व्हाइट डे’ही मिठाईवाल्यांनीच सत्तरच्या दशकाच्या शेवटी काढला. अखेर २०१८ मध्ये गोडायव्हा या चॉकलेट कंपनीनेच वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन, हे गिरी-चॉकलेट आता थांबवा, असं आवाहन केलं. कोरियात तर दोन्ही दिवशी काही न मिळालेल्यांसाठी १४ एप्रिलही आहे. त्या दिवशी एकट्यांनी काळ्या सॉसच्या शेवया खायच्या.

आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी मदनोत्सवाचं, म्हणजे कामदेवाच्या जुन्या वसंतोत्सवाचं, नाव घेतोच. तो होता, यात शंका नाही. सातव्या शतकातल्या हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटकात पहिल्याच अंकात कौशांबीचे रस्ते रंगाने माखलेले आहेत आणि राणी अशोकाखाली कामदेवाची पूजा मांडते. त्याहून जवळचा पुरावा ‘गाथासप्तशती’ या प्राचीन काव्यसंग्रहाचा, महाराष्ट्री प्राकृतातला. फाल्गुनोत्सवात कुणीतरी अंगावर चिखल माखला आहे, आणि मैत्रीण त्या मुलीला विचारते : घामाने तो केव्हाच ओघळून गेलाय, आता काय धुतेस? मिश्कीलपणा सगळा त्या घामात आहे. पण याला ‘भारतीय व्हॅलेंटाईन’ म्हणणं मला पटत नाही. तो गावाचा, ऋतूचा उत्सव होता. दोघांनी मिळून एका कार्डावर आटोपण्याचा नव्हे. पंचांगात चैत्र शुद्ध त्रयोदशीपुढे अजून ‘अनंग त्रयोदशी’ छापलेलं सापडतं. त्याच तिथीला महावीर जयंती येते, आणि सुट्टी असते ती तिची.

१४ फेब्रुवारी आपल्याकडे खऱ्या अर्थाने आली नव्वदच्या दशकात, केबल टीव्ही, ग्रीटिंग कार्डांची दुकानं आणि कॉलेजांतले ‘रोझ डे’ यांच्यासोबत. पाठोपाठ शिवसेनेचा विरोध आला, कार्डांच्या होळ्या झाल्या. आणि त्याच काळात पुण्याच्या आसपास फुलांच्या निर्यातीसाठी पॉलिहाउस उभी राहत होती. शहरात ज्या दिवसाला परका म्हणून शिव्या बसत होत्या, त्याच दिवसावर घाटमाथ्यावरचा शेतकरी वर्षाचा हिशेब बांधू लागला.

दहा फेब्रुवारीनंतर विमानाला माल जात नाही. मग उशिरा आलेला, आखूड दांड्याचा, पाकळीला डाग पडलेला गुलाब गुलटेकडीच्या फुलबाजारात उतरतो, आणि चौदाला कॉलेजच्या फाटकाबाहेर बादलीत उभा असतो तो बहुधा हाच.