एकाच रंगातलं तुमचं पात्र: कार्ड रंगवून घेण्यापूर्वी हे वाचा

रोल-प्लेइंग खेळात, म्हणजे ज्यात खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन खेळतो अशा खेळात, महिनोन् महिने जपलेलं पात्र तुम्ही आमच्या हाती सोपवता. त्याचं कार्ड आम्ही एकाच रंगाच्या मार्करने, हाताने काढतो. रंग तुमच्या आवडीचा: गर्द निळा, तपकिरी, शेवाळी, जांभळा. पिवळा मात्र आम्ही घेत नाही. पिवळ्यावर कितीही हात मारले तरी तो गडद होत नाही, मग सावली दाखवायची कशाने?

आम्ही अल्कोहोल मार्कर वापरतो, म्हणजे ज्यांची शाई अल्कोहोलमध्ये विरघळवलेली असते असे. पहिला हात फिका दिसतो. तो वाळू दिला आणि त्यावर दुसरा हात दिला की तोच रंग गडद होतो, तिसऱ्याला आणखी थोडा. त्यापुढे कागद शाई पीत नाही, रेषेबाहेर शाई फुटायला लागते. म्हणजे एका मार्करच्या तीन छटा, आणि चौथी छटा कोऱ्या कागदाची. तलवारीची धार, डोळ्यातला ठिपका हे रंगवलेले नसतात, सोडलेले असतात. एकदा मार्कर टेकला की खोडता येत नाही. म्हणून आधी पेन्सिलचं कच्चं चित्र फोटो काढून पाठवतो. बदल तेव्हाच, अगदी मोकळेपणाने सांगा.

आता तुमच्याकडून काय हवं ते. ‘लाल झगा, हिरवे डोळे’ हे वर्णन आम्हाला उपयोगी पडत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या संचात, १२० पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तिथे चिन्हाच्या जोडीला पार्श्वभूमीचा रंगही असतो. आमच्या कार्डावर तो आधार नाही, ओळख पटते ती आकारावरून. एका ग्राहकाने मुंजाचं वर्णन दोन पानं भरून पाठवलं होतं. त्यातलं एकच वाक्य कामी आलं: ‘तो पारावर उकिडवा बसतो आणि शेंडीची गाठ सारखी सोडतो-बांधतो.’ वाकलेली पाठ, वर गेलेली कोपरं आणि बोटांत शेंडी, एवढ्यावर चित्र उभं राहिलं. तेव्हा पात्र कसं बसतं, हातांचं काय करतं, अंगावरची कुठली वस्तू कधीच खाली ठेवत नाही, हे लिहा.

कार्ड ६३ × ८८ मिमीचं असतं. जमवायच्या बहुतेक कार्डांचं माप हेच, त्यामुळे कार्ड घालून ठेवायचे प्लास्टिकचे स्लीव्ह सहज मिळतात. मूळ चित्र साधारण दीडपट काढून लहान करून छापतो आणि मूळ चित्रही तुम्हालाच देतो. एका कार्डावर दोनपेक्षा जास्त पात्रं नकोत, चेहरे मुगाएवढे होतात.

मूळ चित्र उन्हात ठेवू नका, या शाईचा रंग उडतो. गरम लॅमिनेशन करू नका. आणि हाताला सॅनिटायझर लावून लगेच चित्राला हात लावू नका: त्यातल्या अल्कोहोलने शाई पुन्हा सुटते आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो. बाहेरची काळी रेघ पक्क्या शाईची आहे, ती टिकेल, आतली छटा टिकणार नाही.

खेळात तुमचं पात्र मारलं गेलं, तर मूळ चित्र आमच्याकडे पाठवा. त्याच मार्करने चित्रातल्या पात्रामागची कोरी जागा गडद भरून देतो. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.