पोपटमाशाच्या जात्यावर चालणारा देश

भाची लग्नानंतर मालदीवला जाऊन आली. तिच्या कापडी बुटांच्या शिवणीत चिमूटभर वाळू अडकून राहिली होती. ती फेकून देणार, एवढ्यात मी काळा कागद पुढे केला आणि भिंग काढलं. आपल्या कोकणातल्या वाळूत स्फटिकाचे काचेसारखे चमकणारे कण असतात, रत्नागिरीकडे इल्मेनाइटचे काळे कणही दिसतात. या वाळूत त्यातलं काहीच नव्हतं. दुधी रंगाचे, मंद, कोपरे झिजलेले तुकडे; काहींच्या अंगावर बारीक छिद्रं, एखादा बिस्किटाच्या चुऱ्यासारखा. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले. फस्‌ करून बुडबुडे आले, मी आणखी थेंब टाकत गेलो, आणि शेवटी कागदावर ओल्या डागाशिवाय काही उरलं नाही.

शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की पांढरट डाग पडतो, तो याच कारणाने. ती फरशी चुनखडीची आणि ही वाळूही चुनखडीचीच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाशी गाठ पडली की ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो.

२०२४च्या जानेवारीत ‘लक्षद्वीप की मालदीव’ या वादाने आपले मोबाइल भरून गेले होते. विमानाची तिकिटं रद्द केल्याचे फोटो, कुठलं पाणी जास्त निळं यावर भांडणं. मला त्या सगळ्यात एकच प्रश्न पडत होता : ज्या पांढऱ्या पुळणीसाठी हे भांडण चाललंय ती तिथे येते कुठून? मालदीवमध्ये डोंगर नाही आणि नदीही नाही. आपल्याकडे सह्याद्री झिजतो, नद्या गाळ आणतात, समुद्र तो पसरतो. तिथे झिजायला आहे काय?

आधी त्या वाळूवर काय काय उभं आहे ते पाहू. सुमारे १२०० बेटं, त्यांतल्या दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती, सगळी जमीन एकत्र केली तर जेमतेम ३०० चौरस किलोमीटर, आणि माणसं पाच लाखांच्या घरात. शेतीला जागा नाही, खनिजं नाहीत. पूर्वी देश जगायचा तो ट्यूना माशांवर. १९६०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी इथे पर्यटन जमणार नाही असं मत दिलं होतं. १९७२ साली जॉर्ज कॉर्बिन नावाचा इटालियन पर्यटन व्यावसायिक पाहुण्यांचा पहिला गट घेऊन आला आणि त्याच वर्षी माले शहराजवळच्या विहामनाफुशी बेटावर कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे धोरण पुढे रुजलं. २००९नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसला परवानगी मिळाली आणि कमी खर्चाचा प्रवासीही येऊ लागला. २०२४मध्ये २० लाखांहून अधिक पर्यटक आले, म्हणजे एका रहिवाशामागे जवळजवळ चार.

राष्ट्रीय उत्पन्नात पर्यटनाचा थेट वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. तांदूळ, भाज्या, डिझेल, सिमेंट, औषधं सगळं बाहेरून येतं आणि त्यासाठी लागणारे डॉलर मुख्यतः पर्यटक आणतात. हा एकखांबी तंबू आहे. २००४च्या डिसेंबरमध्ये ‘अतिअविकसित देश’ या यादीतून मालदीवला बाहेर काढण्याचा निर्णय संयुक्त राष्ट्रांत झाला आणि सहाच दिवसांत त्सुनामी आली. बढती लांबली, ती मिळाली १ जानेवारी २०११ला. २०२०मध्ये कोविडमुळे पर्यटक १७ लाखांवरून साडेपाच लाखांवर आले, आणि त्या एका वर्षात देशाचं उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटलं.

पण चुनखडी विकून जगणं या देशाला नवं नाही. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आठवा. भारतात चलन म्हणून फिरणाऱ्या कवड्यांचा मोठा पुरवठा शतकानुशतकं मालदीवमधून होत असे. चौदाव्या शतकात तिथे काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलं आहे की कवड्या बंगालला जायच्या आणि बदल्यात तांदूळ यायचा. कवडी म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो, तिथे मात्र कवडीने पोटं भरली.

आता पायाकडे जाऊ, कारण तो पाया आपल्या ओळखीचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकताना पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त ठिकाणावरून गेला आणि लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. ते ठिकाण आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. भूखंड पुढे सरकत राहिला आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उरली : लक्षद्वीप, मालदीव, चागोस. रायगडाचा काळा कातळ आणि मालदीवच्या तळाचा कातळ अशा प्रकारे एकाच चुलीवरचे आहेत. लक्षद्वीप आणि मालदीवचं भांडण लावताना एवढं तरी ठाऊक असावं.

ज्वालामुखी थंड झाला की खचतो. त्याच्या कडेने वाढणारे प्रवाळ, म्हणजे चुनखडीचं घर बांधणारे बारीक समुद्री प्राणी, मात्र प्रकाशासाठी वरवर बांधत राहतात. डोंगर पाण्याखाली जातो आणि प्रवाळांचं कडं उरतं. हे चार्ल्स डार्विनने १८४२मध्ये मांडलं. अशा कड्याला ‘अटॉल’ म्हणतात, तो शब्दच मालदीवच्या दिवेही भाषेतल्या ‘अतोळु’वरून जगभर गेला. मालदीवमध्ये समुद्रतळाशी खोल विंधण घेतलं तेव्हा सुमारे दोन किलोमीटर चुनखडीखाली बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा कातळ लागला.

प्रवाळ ही चुनखडी कशी बनवतो? शाळेतला प्रयोग आठवा. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, आणि फुंकतच राहिलं की पुन्हा स्वच्छ होते, कारण अविद्राव्य कार्बोनेटचं विद्राव्य बायकार्बोनेट झालेलं असतं. प्रवाळ ही दुसरी पायरी उलटी चालवतो. समुद्रातल्या एका कॅल्शियम आयनाला दोन बायकार्बोनेट आयन मिळतात, त्यातून कॅल्शियम कार्बोनेटचा एक रेणू खाली बसतो आणि पाणी व कार्बन डायऑक्साइड सुटतात. अभिक्रिया त्याच दिशेला रेटत राहायची तर सुटलेलं आम्लत्व काढून टाकावं लागतं, म्हणून प्रवाळाच्या पेशी कातडीखालच्या पातळ द्रवातून प्रोटॉन बाहेर पंप करतात. त्याला ऊर्जा लागते. ती पुरवतात प्रवाळाच्या पेशींत राहणारी एकपेशीय शैवालं. ती सूर्यप्रकाशात साखर बनवतात, तिचा मोठा हिस्सा यजमानाला देतात. प्रवाळाचे रंगही मुख्यतः त्यांच्यामुळे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मंगळ कडक आहे म्हणून बोटात पोवळं घालणारे आपल्याकडे कमी नाहीत. दागिन्यातलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, प्रामुख्याने भूमध्य समुद्रातलं, पण रसायन तेच : कॅल्शियम कार्बोनेट. ज्या पदार्थावर व्हिनेगरचा थेंब भारी पडतो, तो कोट्यवधी किलोमीटरवरच्या ग्रहाची चाल बदलू शकत नाही. त्या अंगठीच्या नावाने लोकांकडून हजारो रुपये घेतले जातात, याचा मला मनापासून राग येतो.

प्रवाळाने खडक बांधला, पण खडक म्हणजे वाळू नव्हे. लाटांनी फुटतो तो ओबडधोबड तुकडा. पायाला मऊ लागणारी, एकसारखी बारीक वाळू करायला दळणारा लागतो. तो म्हणजे पोपटमासा.

याचे पुढचे दात एकमेकांत मिसळून पोपटासारखी चोच झालेली असते. त्या दातांचं आवरण फ्लुओरअ‍ॅपटाइट या खनिजाच्या सूक्ष्म तंतूंचं असतं. हे तंतू कापडाच्या विणीसारखे एकमेकांत गुंफलेले असतात. हे आवरण तांब्या-चांदीपेक्षा कठीण भरतं. चोचीचे दात झिजतात, तशा मागून नव्या रांगा पुढे सरकतात. प्रवाळांत पोहताना कान दिला तर पाण्यात करकर ऐकू येते, तो याच्या चावण्याचा आवाज. त्याला हवं असतं ते मेलेल्या प्रवाळाच्या पृष्ठभागावर आणि आतल्या छिद्रांत वाढणारं शैवाल आणि सूक्ष्मजीव. ते वेगळं काढणं शक्य नाही, म्हणून तो दगडासकट चावा घेतो. काही जाती नुसतं खरवडतात, मोठ्या जाती मात्र खडकात खळगा पाडतात.

खरं यंत्र घशात आहे. तिथे त्याला जबड्यांची दुसरी जोडी असते, वर एक पाळ आणि खाली एक पाळ, दोन्हींवर दातांच्या ओळी. थेट जातंच. घास तिथे भरडला जाऊन पीठ होतो. यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत आवडते : या माशाला जठरच नसतं. जठर असतं तर आम्ल असतं, आणि आम्ल असतं तर माझ्या काळ्या कागदावर झालं तेच पोटात झालं असतं. चुनखडी विरघळली असती, पचन बिघडलं असतं आणि वाळूही उरली नसती. इथे पीठ सरळ लांबलचक आतड्यात जातं, पोषण शोषलं जातं, आणि मागून पांढरी वाळू ढगासारखी सोडली जाते. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो.

हे ऐकून भाचीने नाक मुरडलं. त्यात घाण वाटावं असं काही नाही. गांडुळाने शेतकऱ्याची माती घडवली, तसंच हे आहे.

एक्सेटर विद्यापीठाचे ख्रिस पेरी आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये याचा हिशेब मांडला. बा अटॉलमधल्या वक्कारू बेटाभोवती कुठल्या जीवापासून किती वाळू होते हे त्यांनी मोजलं. नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक पोपटमाशांची निघाली. आणखी सुमारे १० टक्के हॅलिमेडा या चुनखडी साठवणाऱ्या हिरव्या शैवालाची. बाकी सगळे मिळून उरलेले थोडेसे टक्के. आज त्या बेटावर आलिशान रिसॉर्ट आहे.

तयार झालेली वाळू एका जागी बसत नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यांना तिथे ‘हुळंगू’ म्हणतात, ईशान्येकडच्यांना ‘इरुवै’. हुळंगूत वाळू बेटाच्या पूर्वेकडे जाते, इरुवैत परत पश्चिमेकडे येते. काही बेटांवर किनारा वर्षाकाठी पन्नास मीटरपर्यंत सरकलेला मोजला आहे. दिवेही माणसाला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, नुसत्या वाळूच्या बेटाला त्यांच्याकडे ‘फिनोळू’ असा वेगळा शब्द आहे. पण पाहुण्याला खोलीसमोर बाराही महिने पुळण हवी असते. मग धक्के आणि भिंती येतात. वाळूची वाट अडते, एका बाजूला ढीग पडतो आणि दुसरीकडे माडांची मुळं उघडी पडतात. मग बेटाभोवतीच्या उथळ पाण्यातून पंपाने वाळू उपसून किनाऱ्यावर टाकतात. जी पर्यटनाची ठेव, तीच पर्यटनाच्या सोयीसाठी ढवळली जाते.

‘अमुक साली मालदीव बुडणार’ अशा तारखा मी शाळेत असल्यापासून वाचतोय. समुद्र वाढतोय हे खरं आहे आणि धोका मोठा आहे. जमिनीचा बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून एक मीटरच्या आत आहे. पण बेट म्हणजे पाण्यात ठेवलेली वीट नाही. प्रशांत आणि हिंदी महासागरांतल्या ७०९ प्रवाळ बेटांच्या २०१९च्या आढाव्यात गेल्या काही दशकांत जवळपास ८९ टक्के बेटांचं क्षेत्रफळ स्थिर राहिलेलं किंवा वाढलेलं दिसलं. वाळूचा पुरवठा आणि तिची वाट शाबूत असेल तर बेट स्वतःला रचत राहतं. प्रश्न पुरवठ्याचा आहे.

समुद्रातल्या जिवंत जीवाचं मोल पैशात मोजता येतं याचं एक उदाहरण तिथेच आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या हिशेबात एक मारलेला करडा शार्क कोळ्याला ३२ डॉलर देत होता. तोच जिवंत राहिला तर त्याला पाहायला पाण्यात बुडी मारणाऱ्या पर्यटकांकडून वर्षाला ३,३०० डॉलर येत होते. २०१०मध्ये मालदीवने शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली. पोपटमाशासाठी कोणी तिकीट काढत नाही, आणि त्याने दळलेल्या वाळूची नोंद कुठल्याही जमाखर्चात होत नाही. स्थानिक माणसाचं जेवण परंपरेने ट्यूनाचं. प्रवाळातल्या माशांची मागणी वाढली ती रिसॉर्टच्या टेबलांमुळे.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एक अंशाने जास्त काही आठवडे तापलं की प्रवाळ आतली शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ऊर्जा बंद, पंप बंद. लवकर थंडावा मिळाला नाही तर तो मरतो. १९९८मध्ये मालदीवच्या अनेक भागांत उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ मेले. २०१६मध्ये पुन्हा मोठा फटका बसला. त्यानंतर दक्षिणेकडच्या अटॉलमध्ये शास्त्रज्ञांना जे दिसलं ते चकवणारं होतं : वाळू कमी झाली नाही, वाढली. मेलेल्या प्रवाळावर शैवाल माजलं, पोपटमाशांना खाणं मुबलक मिळालं, त्यांच्या घशातली जाती जोरात फिरू लागली. पण नवा खडक बांधणारे उरले नव्हते. ठेव मोडून खर्च चालावा तसं ते होतं. अशा वर्षांत पुळण भरलेली दिसते, पाणी निळंच असतं, पर्यटकांचे फोटो सुंदर येतात, आणि पाण्याखाली मुद्दल खाल्लं जात असतं.

१९९८च्या धक्क्यातून सावरायला तिथल्या प्रवाळांना दीड दशकाच्या आसपास लागलं. त्यानंतरचा मोठा धक्का १८ वर्षांनी आला, २०१६मध्ये. प्रवाळ पांढरे पडण्याची, म्हणजे विरंजनाची, पुढची जागतिक लाट २०२४मध्ये जाहीर झाली, म्हणजे ८ वर्षांनी.