संतांची मध्यस्थी

कॅथलिक पंथातील एक श्रद्धा व प्रार्थनापद्धती. स्वर्गात देवाच्या सान्निध्यात असलेल्या संतांनी आपल्यासाठी देवाजवळ प्रार्थना करावी, अशी विनंती कॅथलिक भाविक त्यांना करतात. ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही ही प्रथा आहे. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ ती मानत नाहीत.

‘संत देव नाहीत, मग त्यांच्याकडे मागणे कशाला?’ हा प्रश्न बाहेरचेच नव्हे, कॅथलिक घरांतली मुलेही विचारतात. उत्तर मृत्यूविषयीच्या धारणेत आहे. आजारपणात माणूस शेजाऱ्याला, धर्मगुरूला ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणतो. संत पौलानेही रोमच्या ख्रिस्ती लोकांना तशी विनंती केली होती (रोमकरांस पत्र १५:३०). ख्रिस्तसभेतले, म्हणजे ख्रिस्ती विश्वासूंच्या समुदायातले हे नाते मरणाने तुटत नाही, जिवंत आणि मृत एकाच शरीराचे अवयव राहतात, असे कॅथलिक मत आहे. ‘प्रेषितांचा विश्वासांगीकार’ या ख्रिस्ती श्रद्धेच्या जुन्या कबुलीतील ‘संतांचा समागम’ तो हाच. प्रकटीकरणाच्या पुस्तकात (५:८) स्वर्गातील वडील मंडळी धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या घेऊन कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, पाया पडतात आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असे तिथेच म्हटले आहे.

प्रथा जुनी आहे. रोममध्ये संत सेबास्तियनच्या भूमिगत दफनस्थळी तिसऱ्या शतकातील भाविकांनी भिंतींवर पेत्र आणि पौल यांना उद्देशून विनवण्या खरडून ठेवल्या आहेत. इ. स. ४०६ मध्ये विजिलांशियस या धर्मगुरूने श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या हुतात्म्यांच्या पूजनावर टीका केली, तेव्हा संत जेरोमने त्याला झोडपून काढले. जेरोमचा युक्तिवाद असा : देहात असताना, स्वतःचीच काळजी असताना प्रेषित इतरांसाठी प्रार्थना करू शकत होते, तर विजयाचा मुकुट मिळाल्यावर ते गप्प बसतील का? जेरोमची भाषा बोचरी, काही ठिकाणी शिवराळही आहे. पण मुद्दा पुढे शतकानुशतके टिकला.

धर्मसुधारणेच्या काळात वाद पेटला. १५३० च्या ऑग्सबर्ग निवेदनात लूथरपंथीयांनी संतांचे स्मरण व अनुकरण मान्य केले, त्यांचा धावा मात्र नाकारला. देव आणि मनुष्य यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ, हे वचन (१ तीमथ्य २:५) त्यांचा मुख्य आधार. त्याच अध्यायाच्या आरंभी सर्वांसाठी विनवण्या करण्याचा आदेश आहे, तेव्हा एकाने दुसऱ्यासाठी प्रार्थना केल्याने ख्रिस्ताच्या मध्यस्थीला बाध येत नाही, हे कॅथलिक प्रत्युत्तर. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये संतांचा धावा ‘चांगला व उपयुक्त’ ठरवला, आणि त्याच ठरावात अंधश्रद्धा व पैसे उकळण्याचे प्रकार बंद करण्यासही बजावले. व्यवहारात हा दुसरा भाग पहिल्याइतका गाजला नाही.

भेद उपासनेतही पाळला जातो. आराधना फक्त देवाची. संतांना सन्मान, आणि मरियेला त्याहून वरचा सन्मान. संतांची नावे एकेक घेऊन म्हणायच्या ‘संतमाला’ प्रार्थनेत देवाला ‘आमच्यावर दया कर’ म्हणतात, संतांना ‘आमच्यासाठी विनंती कर’. लाखो लोकांची हाक एका संताला कशी ऐकू जाते, या शंकेला मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसचे उत्तर असे की, संतांना ती देवाच्या दर्शनातूनच कळते. त्यांची स्वतःची सर्वज्ञता मानायची गरज नाही.

लोकश्रद्धेत या रेषा पुसट होतात. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरमधील जत्रेत हात, पाय, घर यांच्या आकाराच्या मेणाच्या प्रतिकृती वाहिल्या जातात; वाहणाऱ्यांत ख्रिस्तीतर भाविकही पुष्कळ असतात आणि त्यांच्या मनात हा सरळ नवसच असतो. गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनालाही अशीच संमिश्र गर्दी लोटते.

संतपद देण्याच्या प्रक्रियेत मध्यस्थीला पुराव्याचे स्थान आहे. एखाद्या दिवंगत व्यक्तीकडे मध्यस्थीची विनंती केल्यावर आजार वैद्यकशास्त्राला न उलगडणाऱ्या रीतीने बरा झाला, तर ती व्यक्ती स्वर्गात असल्याची ती खूण मानतात. बरे करणारा मात्र देवच. सध्याच्या नियमांनुसार संतपदाआधीच्या पायरीसाठी, म्हणजे धन्यपदासाठी, एक आणि संतपदासाठी आणखी एक चमत्कार सामान्यतः लागतो; हुतात्म्यांना धन्यपदासाठी तो लागत नाही. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले गोन्सालो गार्सिया १८६२ मध्ये संत झाले. मूळचे गोव्याचे, श्रीलंकेत कार्य केलेले जोसेफ वाझ यांना २०१५ मध्ये संत घोषित करताना पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट शिथिल केली.