श्वासनलिकेतला ओलावा आणि ॲलर्जीचा दमा

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की घसा सुकतो, दमेकऱ्याला पंप सतत जवळ ठेवावा लागतो आणि घरोघरी एकच सल्ला मिळतो, 'पाणी पीत राहा.' उन्हाळ्यात पाणी हवंच. पण श्वासनलिकेच्या आतला ओलावा काही तांब्याभर पाण्यावर ठरत नाही.

या नळीच्या अस्तरावर बारीक लव असते. तिच्याभोवती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ असा पाण्याचा थर, आणि वर कफाचा पडदा. धूळ, पराग, बुरशीचे कण त्यात अडकतात आणि लव त्यांना घशाकडे ढकलते. हा थर आटला की कफ घट्ट होतो, लव दबते आणि कचरा आतच साचतो.

सिडनीच्या संशोधक सँड्रा अँडरसन यांनी १९८० च्या दशकात धावताना उठणाऱ्या दम्याचं कारण मांडलं: जोरात श्वास घेताना पाणी उडून जातं, उरलेला द्रव खारट होतो, त्यामुळे पेशी हिस्टामिनसारखी द्रव्यं सोडतात आणि नळ्या आवळतात.

दुसरा धागा सिस्टिक फायब्रोसिस या, फुप्फुसात घट्ट कफ साचवणाऱ्या जन्मजात आजाराच्या अभ्यासातून आला. त्याचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. २००४ मध्ये मार्कुस माल, रिचर्ड बाउचर आणि सहकाऱ्यांनी अस्तरातून सोडियम जास्त शोषलं जाईल असे उंदीर तयार केले. सोडियमपाठोपाठ पाणीही गेलं, कफाची बुचं बसली, फुप्फुसं सुजली. पुढे २०१७ मध्ये अशाच उंदरांच्या पिल्लांना बुरशीचं ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी उठवणारं द्रव्य, दिलं, तेव्हा ते लवकर बाहेर पडेना आणि ॲलर्जीची सूज वाढली. सोडियमचं शोषण रोखणारं अमिलोराइड हे औषध आधीपासून दिल्यावर ती कमी झाली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. कोरडेपणा नुसता सूजेमागून येत नाही, तो सूज वाढवतोही, हे त्यातून दिसलं. अर्थात, हे उंदरांत.

आपल्याकडच्या मागवाल्याला कोरड्या हवेचा जाच वेगळ्या कारणाने ठाऊक आहे: सूत तुटतं. म्हणून विणकामाच्या जागी दमटपणा राखतात. तरी कापसाची धूळ नाकात जातेच; तिच्यामुळे होणारा बिसिनोसिस हा आजार वेगळा, त्याची ॲलर्जीशी गल्लत करू नये.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये तीव्र मिठाच्या पाण्याचा, यंत्रातून श्वासावाटे घेतलेला बारीक फवारा उपयोगी पडतो. दमेकऱ्याच्या नळ्या मात्र त्याच फवाऱ्याने आवळू शकतात. हा प्रयोग घरी कुणीही करू नये, आणि डॉक्टरांनी दिलेला पंप आपल्या मनाने सोडू नये.