आठ पायांचा गैरसमज

गेल्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी, जो जळगावच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, आपला व्हॉल्व्हचा, म्हणजे पाय असलेल्या निर्वात नळ्यांचा, ॲम्प्लिफायर घेऊन घरी आला. मूळचे ६एल६ जातीचे दोन पॉवर व्हॉल्व्ह काढून त्यांच्या जागी ईएल३४ घातल्यापासून आवाज बारीक झाला होता आणि तार हलकेच छेडली की त्यात खरखर येत होती. “सर, पाय तर बरोबर बसले,” असे तो दोनदा म्हणाला. ४५ अंशांच्या उन्हाने व्हॉल्व्ह बिघडले असावेत, असा त्याच्या सोबत्यांचा तर्क होता.

उन्हाचा तर्क आधी निकाली काढतो. पॉवर व्हॉल्व्हमधील धनाग्राची, म्हणजे इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या अग्राची, पट्टी काम करताना काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असते, त्यामुळे खोलीचे तापमान ३० अंश आहे की ४५, याने तिला विशेष फरक पडत नाही. दोष पायांवरच्या विश्वासात होता. दोन्ही जातींचे व्हॉल्व्ह आठ पायांच्या एकाच प्रकारच्या सॉकेटमध्ये बसतात हे खरे आहे, पण ते बसणे केवळ यांत्रिक आहे.

व्हॉल्व्हचे मूळ तत्त्व शाळेतील विज्ञानाच्या आवाक्यातले आहे. ६.३ व्होल्टच्या हीटरने तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि शेकडो व्होल्ट धन दाब असलेल्या धनाग्राकडे ओढले जातात. वाटेत तारेची एक बारीक जाळी असते, जिला ग्रिड म्हणतात. पांझरा नदीकाठच्या फड या सिंचन पद्धतीत पाटकरी पाटाचे दार थोडेसे वरखाली करून अख्ख्या फडाचे पाणी सांभाळतो, तसे या जाळीवरचा लहानसा ऋण दाब मोठ्या प्रवाहाला सांभाळतो. गिटारचा क्षीण संकेत हे दार हलवतो आणि धनाग्राकडे त्याचीच मोठी प्रतिमा मिळते.

खरी गंमत यापुढे आहे. जास्त शक्ती हवी म्हणून ग्रिड आणि धनाग्र यांच्यामध्ये धन दाबाची दुसरी जाळी बसवतात, जिला स्क्रीन म्हणतात. ती इलेक्ट्रॉनांना जोराने पुढे खेचते. ४५० व्होल्टच्या दाबाखाली धावणाऱ्या इलेक्ट्रॉनाचा वेग सेकंदाला सुमारे १२,५०० किलोमीटर होतो आणि असा इलेक्ट्रॉन धनाग्रावर आदळला की तो तेथील धातूतून आणखी काही इलेक्ट्रॉन उडवतो. याला दुय्यम उत्सर्जन म्हणतात. एरवी हे उडालेले इलेक्ट्रॉन धनाग्राकडेच परत येतात. पण मोठा आवाज निघत असताना धनाग्राचा दाब क्षणभर खूप खाली उतरतो, स्क्रीनचा दाब मात्र तसाच चढा राहतो, आणि मग हे भटके इलेक्ट्रॉन उलटे फिरून स्क्रीनवर जातात. परिणामी धनाग्राचा प्रवाह नको तेथे खचतो आणि आवाज विकृत होतो.

यावर १९२६ साली फिलिप्स कंपनीच्या बर्नार्ड टेलेगन यांनी तोडगा काढला. स्क्रीन आणि धनाग्र यांच्यामध्ये त्यांनी तिसरी विरळ जाळी घातली आणि ती ऋणाग्राला जोडली. वेगाने येणारे इलेक्ट्रॉन तिच्यातून पार होतात, पण धनाग्रातून उडालेल्या मंद इलेक्ट्रॉनांना ती मागे लोटते. हा झाला पेंटोड, आणि ईएल३४ हा खराखुरा पेंटोड आहे.

पेंटोडचे पेटंट फिलिप्सकडे असल्याने इंग्लंडमधील ईएमआय कंपनीच्या अभियंत्यांना वेगळी वाट शोधावी लागली आणि त्यांनी शोधलेली वाट मला टेलेगन यांच्या जाळीपेक्षाही सुंदर वाटते. त्यांनी स्क्रीनच्या तारा ग्रिडच्या तारांच्या बरोबर मागे, जणू सावलीत ठेवल्या, त्यामुळे इलेक्ट्रॉन पातळ पात्यांसारख्या झोतांतून वाहू लागले. दोन्ही बाजूंना ऋणाग्राच्या दाबावरच्या पट्ट्या लावून हे झोत आणखी आवळले. स्क्रीन आणि धनाग्र यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनांची इतकी दाटी होते की तिच्या स्वतःच्या ऋण भारामुळेच तेथील दाब खाली जातो आणि उडालेले इलेक्ट्रॉन त्या दाटीने धनाग्राकडे परत ढकलले जातात. सारंगखेड्याच्या यात्रेत गर्दीतून उलटे फिरू पाहणाऱ्याला गर्दीच पुढे रेटते, तसेच हे आहे. तिसरी जाळी मुळी नाहीच, तिचे काम इलेक्ट्रॉनांची गर्दी करते. याच तत्त्वावर अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९३६ मध्ये ६एल६ बाजारात आणला.

आता पहिल्या पायाकडे येऊ. ईएल३४ मध्ये तिसरी जाळी पहिल्या पायाला जोडलेली असते आणि तो पाय सॉकेटवर बाहेरून आठव्या पायाला, म्हणजे ऋणाग्राला, जोडावा लागतो. काचेच्या ६एल६ मध्ये पहिल्या पायाला आतून बहुधा काहीच जोडलेले नसते, म्हणून पुष्कळ अमेरिकी धाटणीच्या ॲम्प्लिफायरांत सॉकेटवरची ती रिकामी जागा खुंटीसारखी वापरून ग्रिडकडे जाणारा १,५०० ओहमचा रोधक तिच्यावर टाकतात. विद्यार्थ्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये नेमके तेच होते. त्यामुळे शून्यावर राहायला हवी ती तिसरी जाळी ग्रिडच्या ऋण दाबावर जाऊन बसली, वर गिटारचा संकेतही तिच्यावर आला, आणि धनाग्राकडे निघालेले काही इलेक्ट्रॉन परतून स्क्रीनला फुकटचे तापवू लागले.

दुसरी चूक बायसची होती. बायस म्हणजे संकेत नसताना ग्रिडवर ठेवलेला ऋण दाब. साधारण ४५० व्होल्टच्या ॲम्प्लिफायरमध्ये ६एल६ ला ५० व्होल्टच्या आसपास, तर ईएल३४ ला त्याहून बराच कमी ऋण दाब पुरतो. जुन्याच बायसवर ईएल३४ जवळजवळ बंद पडलेला राहतो, आणि तरंगाचा धन भाग एक व्हॉल्व्ह आणि ऋण भाग दुसरा सांभाळत असल्याने तरंग एकाकडून दुसऱ्याकडे सोपवताना मध्ये खाच पडते. हलक्या वादनातील खरखर तीच. उलट अदलाबदल अधिक घातक ठरते, कारण ईएल३४ च्या बायसवर ६एल६ इतका प्रवाह ओढू लागतो की धनाग्र लाल होऊ शकते.

रिवाज असा आहे की संकेत नसताना धनाग्रावर त्याच्या कमाल क्षमतेच्या सुमारे ७० टक्के शक्ती खर्च व्हावी. ईएल३४ ची क्षमता २५ वॅट आहे. तिचे ७० टक्के म्हणजे १७.५ वॅट, आणि ४५० व्होल्टने भागल्यास सुमारे ३९ मिलिअँपिअर. ऋणाग्राच्या वाटेत १ ओहमचा रोधक घातला की मीटरवर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर समजावेत. हे काम घरी करू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटर जीवघेणा दाब धरून ठेवू शकतात.

हीटरचा हिशेब थोडक्यात सांगतो. ईएल३४ चा हीटर १.५ अँपिअर घेतो, ६एल६ चा ०.९. जोडीमागे १.२ अँपिअरचा जादा भार ट्रान्सफॉर्मरवर पडतो, आणि जळगावच्या मे महिन्याचा विचार करायचा तो येथे करावा, कारण ट्रान्सफॉर्मरची उष्णता खोलीच्या तापमानावर चढत जाते.

राहिला ईएल३४ च्या “ब्रिटिश” आणि ६एल६ च्या “अमेरिकन” म्हटल्या जाणाऱ्या आवाजाचा प्रश्न. फरक ऐकू येतो, पण त्यात व्हॉल्व्हइतकाच आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि आधीचे सर्किट यांचा वाटा असतो. सोन्याचा मुलामा दिलेले पाय किंवा अतिशीत द्रवात बुडवून काढलेले व्हॉल्व्ह यांच्या जाहिराती मला ग्रहशांतीच्या अंगठ्यांच्या पंगतीतल्या वाटतात.

रेडिओ दुरुस्तीच्या एका जुन्या कारागिराने पहिल्या पायावरचा रोधक हलवला, तो पाय आठव्याला जोडला आणि बायस नव्याने लावला. मीटरवर एका व्हॉल्व्हचे ३८ आणि दुसऱ्याचे ३६ मिलिव्होल्ट आले. खरखर गेली. तासभर वाजवल्यावर कारागिराने प्लग काढून ट्रान्सफॉर्मरला हात लावला आणि तो तिथे बराच वेळ टेकवून ठेवला.