समोरच्या गाडीचं रडार आणि पन्नास मीटरवरचा माणूस

रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे हेडलाइट डोळ्यांवर आले की रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसेनासा होतो. तो तिथेच असतो, दिपलेले असतात ते आपले डोळे. बंपरमागे बसवलेल्या रडारचंही असंच होऊ शकतं. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बहुतेक वेळा याच रडारवर विसंबून असते, म्हणून हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

गाड्यांची रडार ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. तिथे रडारने सोडलेल्या रेडिओ लहरीची लांबी जेमतेम चार मिलिमीटर असते. ही लहर समोरच्या माणसापर्यंत जाताना पसरते आणि त्याच्यावर आपटून परत येतानाही पसरते. त्यामुळे अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर येतो. समोरच्या गाडीच्या रडारची लहर मात्र एकच फेरी करते. अंतर दुप्पट झालं तरी ती चौथा हिस्सा उरते. समजा माणूस ५० मीटरवर आहे आणि त्याच्या शेजारून तितक्याच अंतरावर एक गाडी आपल्या दिशेने येते आहे. तिचं रडार अगदी आपल्यासारखंच आहे. माणूस रडारला एक चौरस मीटरएवढा दिसतो असं धरून गणित केलं, तर त्या गाडीची लहर माणसाच्या प्रतिध्वनीपेक्षा सुमारे ३१ हजार पटींनी ताकदवान भरते.

तरीही रडार सहसा आंधळं होत नाही, याचं श्रेय त्याच्या बोलण्याच्या पद्धतीला. गवई मींड घेतो तसं रडार आपला स्वर, म्हणजे लहरीची फ्रिक्वेन्सी, एकसारखा चढवत नेतं. या चढत्या स्वराला इंजिनिअर ‘चर्प’ म्हणतात. प्रतिध्वनी परत येईपर्यंत मूळ स्वर आणखी वर गेलेला असतो आणि त्या दोन स्वरांमधल्या फरकावरून अंतर कळतं. उदाहरणार्थ, स्वर दर मायक्रोसेकंदाला २० मेगाहर्ट्झ चढत असेल, तर ५० मीटरवरच्या माणसासाठी हा फरक साधारण ६.७ मेगाहर्ट्झ येतो. रिसिव्हर १० मेगाहर्ट्झपर्यंतचेच फरक ऐकतो, बाकी सगळं गाळून टाकतो.

आता दुसऱ्या गाडीचा स्वर दर मायक्रोसेकंदाला ३० मेगाहर्ट्झने चढतोय असं समजा. तो आपल्या स्वराला ओलांडून जाईल तेव्हा ४० मायक्रोसेकंदांच्या चर्पमधले दोनच मायक्रोसेकंद खराब होतील. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण वीज कडाडते तेव्हा एएम रेडिओवर कुठलंही स्टेशन लावा, खरखर येतेच. क्षणभराच्या धक्क्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी भरलेल्या असतात. रडारसाठी फ्रिक्वेन्सी म्हणजे अंतर, त्यामुळे ही खरखर प्रत्येक अंतरावर पसरते. ट्रकचा दणदणीत प्रतिध्वनी तिच्यातूनही वर दिसतो, माणसाचा बुडतो. दोन्ही रडारांचा चढ अगदी सारखा असेल आणि वेळही अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत जुळली, तर रस्त्यावर नसलेली ‘भुताची’ गाडीसुद्धा दिसू शकते. पण तसा योग क्वचितच येतो. गुपचूप बुडणारा माणूस ही जास्त काळजीची गोष्ट आहे.

युरोपीय आयोगाच्या निधीतून २०१० ते २०१२ दरम्यान ‘मोसारिम’ नावाचा प्रकल्प याच प्रश्नावर चालला. त्या वेळी रडार महागड्या गाड्यांतच असायचं. आता एकेका गाडीत पुढे एक आणि चार कोपऱ्यांत चार अशी पाच-पाच रडार असतात. २०२१ साली आलेल्या, चाकणला बनलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० या गाडीच्या वरच्या मॉडेलांतही रडार आहे.

उपायांपैकी मला सगळ्यात आवडतो तो अँटेना ४५ अंशांत तिरकी ठेवण्याचा. हातात पेन घ्या आणि त्याचं टोक उजवीकडे झुकवून आरशासमोर धरा. आरशातलं पेन तुमच्या पेनाला समांतर दिसेल. आता समोर कुणाला तरी उभं करून त्यालाही त्याच्या उजवीकडे पेन झुकवायला सांगा. दोन पेनांची फुली होईल. आपला प्रतिध्वनी आरशातल्या पेनासारखा समांतर परततो, म्हणून अँटेना तो पकडते. समोरच्या गाडीची लहर मात्र फुली होऊन येते आणि बरीचशी बाहेरच राहते. यात सर्किट नाही की सॉफ्टवेअर नाही. एक मर्यादा मात्र आहे. शेजारच्या लेनमधल्या गाडीची लहर पुढच्या ट्रकवर आपटून आली, तर ती समांतरच येते आणि आत शिरते.

जे आत शिरतं ते नंतर निस्तरावं लागतं. खराब झालेले दोन मायक्रोसेकंद शोधून पुसतात. नुसतं पुसलं तर तिथे खड्डा राहतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या नमुन्यांवरून मधला भाग अंदाजाने भरतात. शिवाय प्रत्येक चर्पची वेळ आणि सुरुवातीची फ्रिक्वेन्सी थोडी इकडेतिकडे करतात, म्हणजे दोन लहरींची तीच धडक पुन्हा चर्पमधल्या त्याच जागी होत नाही.

हे सगळं प्रत्येक गाडी आपापल्या पुरतं करते. मोबाइलला टॉवर वेळ वाटून देतो, वाय-फाय आधी कानोसा घेतं आणि मग बोलतं. गाड्यांच्या रडारना ताकदीची मर्यादा आहे, पण कुणी कधी बोलायचं याचा सगळ्यांना बांधील असा नियम नाही. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे आणि अमेरिकेत सप्टेंबर २०२९ पासून होणार आहे. एवढी रडार रस्त्यावर येणार असतील तर हा नियम आत्ताच ठरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तोवर रडारने निदान स्वतःची अडचण गाडीला कळवायला हवी. खरखर १६ पट वाढली की रडारचा पल्ला निम्मा होतो. हे मोजता येतं आणि वाहनाच्या कॉम्प्युटरला त्याच क्षणी सांगताही येतं: एरवी मला माणूस ८० मीटरवरून दिसतो, आत्ता ४० वरूनच दिसेल, तेव्हा कॅमेऱ्यावर जास्त भिस्त ठेव.