कॉक्लिअर इम्प्लांटनंतर चक्कर येत असेल तर

ऑपरेशन कानाचं झालं, मग पाय का लटपटतात? कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवलेलं यंत्र. त्याच्या मॅपिंगला, म्हणजे यंत्राची पातळी ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे जुळवून घ्यायला येणारे पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं आम्हाला हे नेहमी विचारतात.

आतल्या कानात ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या अगदी शेजारी असतात, आणि त्यांच्यातला द्रव एकमेकांशी जोडलेला असतो. शंखात इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवताना या द्रवाला धक्का लागतो, आत थोडी सूज येते. मग तोलाबद्दल एक कान मेंदूला एक सांगतो आणि दुसरा भलतंच. खोली फिरते, मळमळतं. बहुतेकांचा त्रास काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत उतरतो. वय जास्त असेल किंवा तोल आधीपासूनच कमजोर असेल, तर जास्त वेळ लागतो.

आपण सगळ्यालाच ‘चक्कर’ म्हणतो, आणि इथेच घोळ होतो. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बीपी, साखर आणि चालू असलेली औषधं तपासायला हवीत. चालताना एका बाजूला ओढल्यासारखं होत असेल, तर तो बहुधा कानाचा तोल. आणि अंथरुणात कूस बदलली की अर्धा-एक मिनिट सगळं गरगरतं आणि थांबतं, असं असेल तर आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागचे सुटून नळीत शिरलेले असू शकतात. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागी नेतात. गोळ्यांनी ते जात नाहीत. मात्र ऑपरेशन ताजं असताना हा उपाय आपल्या सर्जनना विचारूनच करून घ्या. त्यामुळे डॉक्टरांना नुसतं ‘चक्कर येते’ म्हणू नका. काय करताना येते आणि किती वेळ टिकते, ते सांगा.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे बाथरूम. कानाचा भरवसा कमी झाला की शरीर डोळ्यांवर आणि तळपायांवर तोल सांभाळतं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की डोळ्यांचा आधार जातो, आणि खाली फरशी ओली असते. म्हणून सुरुवातीला स्टुलावर बसूनच अंघोळ करा. रात्री लघवीला उठताना आधी दिवा लावा, मग पाय खाली टाका. चक्कर पूर्ण थांबेपर्यंत दुचाकी चालवू नका, शिडीवर चढू नका.

पण म्हणून दिवसभर पडून राहू नका. घरातले प्रेमाने ‘झोपून राहा’ म्हणतात, तरी मेंदू नवा हिशेब हालचालीतूनच शिकतो. सर्जननी परवानगी दिली की एक व्यायाम करा: हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा, नजर नखावर ठेवा आणि डोकं सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवा. आधी बसून, मग भिंतीच्या कोपऱ्यात, पुढ्यात खुर्ची ठेवून उभं राहून. चक्करेच्या गोळ्या सांगितलेले दिवसच घ्या. त्या लांबवल्या तर मेंदूचं हे शिकणं मंदावतं.

लहान मुलाला ‘चक्कर येते’ हे सांगता येत नाही. ते भिंतीला धरून चालतं, कडेवरून उतरायला तयार होत नाही, चालता चालता पडतं. हट्ट समजून रागावू नका, डॉक्टरांना कळवा.

ताप येऊन मान ताठरली, डोकं असह्य दुखलं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव आला, चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा उलट्या थांबत नसल्या, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच हॉस्पिटल गाठा. इम्प्लांटच्या बाजूला डोकं आपटलं, तरीही दाखवून या.

मशीन सुरू झाल्यावर आवाज आला की तोल जातो किंवा चेहऱ्याचा स्नायू फडफडतो, असं झालं तर प्रोसेसर (मशीनचा बाहेर लावायचा भाग) काढून ठेवा आणि आम्हाला सांगा. मॅपिंगमध्ये इलेक्ट्रोडची पातळी कमी करता येते. येताना कोणत्या आवाजाला हे झालं, ते कागदावर लिहून आणा.